अंतराळाचा वकील व्हायचंय म्हणतोस

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

अर्जासोबतचा निबंध वाचला. अंतराळ कायद्यात एलएलएम करायला माझी हरकत नाही. बाबांना मात्र वाटतंय की तू चंद्रावरचे प्लॉट विकणार. त्यांचं मी बघते. निबंधात एका प्रश्नाला तू हातच लावलेला नाहीस, म्हणून हे पत्र: या शाखेतल्या वकिलाकडे काम येतं कुठून?

१९६७ चा बाह्य अंतराळ करार तू घेतलास, पण दुसऱ्या कलमापाशीच रमलास. चंद्रावर किंवा ग्रहांवर कुठल्याही राष्ट्राला मालकी सांगता येणार नाही, हे वाक्य भाषणात शोभतं. वकिलाचं पोट भरतं ते सहाव्या कलमावर. खासगी कंपनीने अंतराळात काही केलं तरी जगापुढे जबाबदार तिचं राष्ट्र. म्हणून राष्ट्राने तिला परवानगी द्यायची आणि पुढेही देखरेख ठेवायची. सोव्हिएत संघाला अंतराळ फक्त सरकारांच्या हाती हवं होतं, अमेरिकेला कंपन्यांना वाव हवा होता, त्यातून ही तडजोड झाली. जबाबदारी अंगावर आली म्हटल्यावर कुठलं सरकार कागदाशिवाय परवानगी देईल? परवाने आले, त्यांच्या अटी आल्या, विम्याची सक्ती आली आणि मागोमाग वकील आले.

ऑक्टोबर २०२३ मधलं एक प्रकरण बघ. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने डिश या उपग्रह टीव्हीच्या कंपनीला दीड लाख डॉलर भरायला लावले. अंतराळातल्या कचऱ्यावरून त्या आयोगाने केलेली ही पहिलीच दंडाची कारवाई. इकोस्टार-७ हा उपग्रह २००२ साली सोडलेला. त्याचं आयुष्य संपलं की तो चालू उपग्रहांच्या वाटेतून दूर, भूस्थिर कक्षेच्या ३०० किलोमीटर वर नेऊन ठेवू, असं कंपनीने २०१२ मध्ये आयोगाला दिलेल्या आराखड्यात लिहिलं होतं. इंधन पुरलं नाही, उपग्रह जेमतेम १२२ किलोमीटर वर गेला. या प्रकरणात मानवजातीचा वारसा वगैरे काही नाही. लिहून दिलेलं पाळलं नाही, एवढंच. आम्ही व्यावसायिक करारांचे वकील रोज हेच बघतो, फक्त जमिनीवर.

मोठा खटला लढायची स्वप्नं बघत असशील तर १९७२ चा नुकसानभरपाईचा करार नीट वाच. अंतराळातली वस्तू जमिनीवर पडून किंवा उडत्या विमानाला लागून नुकसान झालं, तर दोष सिद्ध करावा लागत नाही. सोडणारं राष्ट्र देणं लागतं. एवढं पक्षकाराच्या बाजूचं कलम क्वचितच सापडतं. तरी त्याचा आधार घेऊन ठळक असा दावा झाला तो एकच. जानेवारी १९७८ मध्ये कॉसमॉस ९५४ हा सोव्हिएत उपग्रह अणुभट्टीसकट कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला. माणसं दगावली नाहीत, पण किरणोत्सारी तुकडे बर्फाळ ओसाड प्रदेशात शोधत फिरावं लागलं. कॅनडाने मागणी केली ६०,४१,१७४ कॅनेडियन डॉलर आणि ७० सेंटची. ते ७० सेंट मला फार आवडतात. कुणीतरी पावत्या जुळवत बसलं होतं. १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली, तीही वाटाघाटीतून. न्यायालयाची पायरी कुणी चढलंच नाही.

टक्कर वर अंतराळातच झाली तर मात्र दोष सिद्ध करावा लागतो. फेब्रुवारी २००९ मध्ये इरिडियम ३३ हा अमेरिकन कंपनीचा चालू उपग्रह आणि केव्हाच बंद पडलेला रशियाचा कॉसमॉस २२५१ सायबेरियावर, सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले. चूक कुणाची? मेलेल्या उपग्रहाला वळता येत नाही, आणि जिवंत उपग्रहाने वळलंच पाहिजे असा बंधनकारक नियम नव्हता. दावा कुणीच केला नाही.

म्हणून व्यवहारात लोक भांडणाची वाट बघत नाहीत, ते आधीच करारात मिटवतात. प्रक्षेपणाच्या करारात एक कलम हमखास असतं: रॉकेटवाल्याचं नुकसान रॉकेटवाल्याने सोसायचं, उपग्रहवाल्याचं उपग्रहवाल्याने, एकमेकांवर दावा करायचा नाही आणि आपापल्या उपकंत्राटदारांकडूनही तेच लिहून घ्यायचं. हे शेवटचं वाक्य राहून गेलं तर सुट्या भागांचा एखादा पुरवठादार सरळ समोरच्यावर दावा ठोकू शकतो. अशी गळती शोधणं हे तुझं काम असेल. कंटाळवाणं वाटतंय? मग आत्ताच विचार कर.

ही शाखा कालपरवाची नाही. चेकोस्लोव्हाकियातले वकील व्लादिमीर मांडल यांनी या विषयावर १९३२ मध्येच पुस्तक लिहिलं होतं, स्पुटनिकच्या पंचवीस वर्षं आधी. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातली हवाई कायद्याची संस्था १९५१ ची. अंतराळ तिला नंतर जोडलं गेलं. पण पुढची कित्येक दशकं हा मुख्यतः प्राध्यापकांचा आणि परराष्ट्र खात्यांचा विषय राहिला. पैसेवाल्या कंपन्या उतरल्या तेव्हा त्याचा व्यवसाय झाला. मला यात वावगं काही वाटत नाही. सागरी कायदाही जहाजांच्या मालकांनी आणि विमेवाल्यांनीच मोठा केला.

तुझ्या आवडत्या मालकीच्या प्रश्नावर मात्र मी तुझ्याच बाजूची आहे. २०१५ मध्ये अमेरिकेने आणि २०१७ मध्ये लक्झेंबर्गने कायदा केला: जागेवर मालकी नाही, पण उपसलेलं खनिज उपसणाऱ्याचं. त्यासाठी खुल्या समुद्रातल्या माशाचा दाखला देतात, समुद्र कुणाचा नाही पण पकडलेला मासा कोळ्याचा. मला हे पुरतं पटत नाही. माशांची पैदास होत राहते, चंद्राच्या ध्रुवाजवळच्या खड्ड्यांतलं बर्फ माणसाच्या हिशेबात पुन्हा भरून येत नाही. तिथे आधी पोचलेल्याने भोवती सुरक्षाक्षेत्र आखलं, तर दुसऱ्या कलमात उरलं काय? चांद्रमोहिमांसाठी अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या २०२० च्या आर्टेमिस करारात अशा क्षेत्रांची तरतूद आहेच. निबंध यावर लिही. मात्र करार, विमा आणि प्रशासकीय कायदा हे तिन्ही विषय पक्के कर. ज्या अभ्यासक्रमात ते घेता येत नाहीत तिथे अर्ज करू नकोस.

मानफ्रेड लाख्स मूटसाठी, म्हणजे अंतराळ कायद्यावरच्या अभिरूप न्यायालय स्पर्धेसाठी, नाव दिलंस ते बरं केलंस. अंतिम फेरी आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या न्यायाधीशांसमोर होते, त्यामुळे घोकून गेलेलं तिथे चालणार नाही. दोन्ही बाजूंची निवेदनं लिहावी लागतील. प्रतिवादीचं आधी लिही, तिकडून वादीच्या भेगा लवकर दिसतात. मसुदा झाला की पाठव. तळटिपा मागाहून बघू, आधी शेवटचं विनंतीचं कलम दाखव, न्यायालयाकडे नेमकं काय मागतोस ते.

तुझी,
आई