चरित्र वाचताना झोप उडते

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत एका वाचकाने लिहिलं होतं की, चरित्र म्हणजे जन्मगाव, शिक्षण, सत्कार आणि निधन. तशी चरित्रं आहेत, नाही असं नाही. गौरवसमितीने काढलेली, पहिल्याच पानावर हार घातलेला फोटो. ती मीही दहाव्या पानावर मिटते. पण म्हणून सगळ्यांनाच एका दावणीला बांधू नये.

मी पोस्टातून निवृत्त झाले. आनंदीबाई जोशींचं चरित्र हाती घेतलं तेव्हा शेवट ठाऊक होताच. मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी, पुढच्या फेब्रुवारीत निधन, वय अवघं 21. तरी पुस्तक खाली ठेववेना. त्यांचे पती गोपाळराव टपालखात्यातले. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता... बदलीचा हुकूम आला की बिऱ्हाड आवरायचं, म्हणजे काय ते आम्हा पोस्टवाल्यांना विचारा! त्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांना लिहिलेलं पत्र तिकडच्या एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघत बसल्या होत्या, तिथे तो अंक त्यांच्या हाती पडला. ओळख ना पाळख, बाईंनी पत्र धाडलं, आणि 1883 मध्ये आनंदीबाई त्यांच्याच घरी उतरल्या. कादंबरीत हे वाचलं असतं तर 'काहीतरीच' म्हणून मी पान उलटलं असतं. (वाचकपत्रांची जागा जाहिरातींना देताना संपादकांनी हे आठवावं.) काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचं चरित्र 1889 मध्ये लिहिलं, म्हणजे हा नाद मराठीला आजचा नाही.

माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं, कापसाचं गाव. भाऊ सातबारा आणि बाजारभाव सोडून काही वाचत नाही. त्याच्याकडे वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' विसरून आले. अमेरिकेत गुलामीत जन्मलेला पोर, पुढे तिथल्याच टस्कीगी संस्थेत शेतकी शिकवतो, कापसाने थकलेल्या जमिनीत भुईमूग, रताळी घ्यायला सांगतो, अवजारांची गाडी घेऊन शेतकऱ्यांच्या बांधावर जातो. आठवड्याने भावाचा फोन. 'ते तं खरं हाय ताई, पन येवढ्या शेंगा इकल्या कोठी त्यानं?' कार्व्हरने प्रयोगशाळेत शेंगांचे नाना पदार्थ केले ते याच प्रश्नापोटी. भावाने पुस्तक अजून परत केलेलं नाही.

माझी तक्रार दुसरीच आहे. आमच्या वाचनालयात चरित्रं आणि चरित्रात्मक कादंबऱ्या एकाच कपाटात कोंबलेल्या. कादंबरीकार नायकाच्या मनात शिरतो, रात्रीचे संवाद रचतो, तो त्याचा हक्क. पण शेजारणीची मुलगी त्यातलं वाक्य वक्तृत्व स्पर्धेत खुद्द लोकमान्यांचं म्हणून ठोकून देते तेव्हा काय करावं? चरित्रकाराला अशी सूट नाही. पत्रं, कोर्टाचे कागद, त्या वेळची वर्तमानपत्रं, यांतूनच त्याला माणूस उभा करायचा असतो. धनंजय कीरांनी बाबासाहेबांचं इंग्रजी चरित्र 1954 मध्ये, ते हयात असताना छापलं. ज्याच्याबद्दल लिहिलं तोच वाचणार, ही जोखीम कादंबरीत कुठे?

आणि जाडजूड चरित्रं वाचतो कोण, असं म्हणणाऱ्यांनी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर यावं. चांगदेव खैरमोड्यांनी लिहिलेलं बाबासाहेबांचं चरित्र खंडाखंडांचं, पहिला 1952 चा. तिथल्या स्टॉलवर मी एका आजोबांच्या मागे रांगेत होते. पिशवीत शिदोरी, हातात घडी घातलेला कागद, त्यावर घरी असलेल्या खंडांचे आकडे. विक्रेत्याने नवीन छान पुस्तक पुढे केलं, तर म्हणाले, 'ते राहू दे, मले याच्या पुढचा पाहिजे.'

पुरवणीतल्या परीक्षणांच्या वर पान, किंमत, प्रकाशक देताच. त्याच ओळीत 'चरित्र' की 'चरित्रात्मक कादंबरी' एवढंही छापावं, ही विनंती.

— एक वाचक, महाल, नागपूर