हृदयाची गोळी आणि टॅक्रोलिमसची लेव्हल

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनवरचा लेख वाचला. माहिती उपयुक्त आहे, पण किडनी बदललेल्या रुग्णांचा त्यात उल्लेख नाही. आठ वर्षांपूर्वी मी धाकट्या भावाला किडनी दिली, म्हणून हे कळकळीने लिहिते आहे.

गेल्या वर्षी जिना चढताना त्याच्या छातीत धडधडू लागलं आणि ईसीजीत हा आजार निघाला. हृदयाच्या डॉक्टरांनी ठोके आवरण्यासाठी डिल्टियाझेम आणि रक्त पातळ करण्यासाठी वॉरफॅरिन सुरू केली. किडनीच्या डॉक्टरांना मात्र कुणी कळवलं नाही. आम्हालाही ते सुचलं नाही, याची बोच मला आजही आहे. दहा दिवसांत त्याचे हात इतके थरथरू लागले की सही जमेना. रक्त तपासलं तर टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) लेव्हल, म्हणजे रक्तातलं प्रमाण, दुपटीच्या पुढे आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) 1.3 वरून 2.1 वर!

शरीरात टॅक्रोलिमस ज्या एन्झाइममुळे मोडतं, त्यालाच डिल्टियाझेम अडवते. ठोक्यांवरचीच दुसरी गोळी, व्हेरापामिल, हीही तेच करते. ठोक्यांवरच्याच अमिओडॅरोन या औषधानेही लेव्हल वाढू शकते आणि ते बंद केल्यावरही कित्येक आठवडे शरीरात उरतं. ही औषधं देऊच नयेत असं नाही. पण ती देताना टॅक्रोलिमसचा डोस बदलायचा का, हे किडनीच्या डॉक्टरांनी ठरवायला हवं आणि थोड्याच दिवसांत लेव्हल बघायला हवी, तीही सकाळची गोळी घेण्याआधीच्या रक्तावर. भावाला आता डिल्टियाझेमऐवजी मेटोप्रोलॉल दिली आहे. क्रिएटिनिन खाली आलं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा प्रश्न याहून नाजूक. एकदा हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा घरातलेच म्हणाले, बंद करून टाका. मी ऐकलं नाही, डॉक्टरांना फोन केला. या आजारात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात. हा धोका एरवीपेक्षा सुमारे पाचपट असतो आणि ॲस्पिरिनने तो पुरेसा टळत नाही. वॉरफॅरिनवर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) साधारण 2 ते 3 च्या दरम्यान ठेवावा लागतो. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला वरचेवर अँटिबायोटिक किंवा बुरशीवरचं औषध लागतं आणि त्यातल्या अनेक औषधांनी आयएनआर हलतो. भावाचा दोनदा हलला. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांतही फरक आहे. डाबिगाट्रान सुमारे 80 टक्के किडनीवाटे बाहेर पडते, तर एपिक्साबान सुमारे 27 टक्के. दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून भावाला एपिक्साबान दिली. अंगदुखीवर मनाने आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घ्यायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं, कारण त्या गोळ्यांनी किडनीही बिघडते आणि रक्तस्रावही वाढतो.

किडनी बदललेल्या रुग्णांसाठी आपण स्वतंत्र लेख छापावा, ही विनंती. किडनीच्या बायोप्सीआधी (किडनीचा तुकडा काढून तपासण्याआधी) रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस थांबवायची, पुन्हा केव्हा सुरू करायची आणि ते कुणी ठरवायचं, हेही त्यात यावं. पुढच्या महिन्यात आमच्यासमोर हाच प्रश्न आहे.

– भावाला किडनी दिलेली एक बहीण
(नाव प्रसिद्ध करू नये)