बरण्या कोरड्या पडण्याआधी

सन्माननीय शिक्षणमंत्री, गोवा सरकार, पर्वरी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी डिचोलीचा. आपल्या महाविद्यालयांत बरण्यांतून ठेवलेल्या जनावरांच्या जुन्या नमुन्यांची, ते नासण्याआधी, संगणकावर त्रिमितीय चित्रं करून ठेवावीत, एवढ्यासाठी हे पत्र. तीसेक वर्षं एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत साहाय्यक होतो. दर मे महिन्यात बरण्यांची झाकणं व्हॅसलीन लावून घट्ट करायची, नमुना टिकवणारं फॉर्मलीन उतरलं असेल तर भरायचं, हे माझं काम. निवृत्तीनंतर एकदा सहज गेलो, तर अर्ध्या बरण्या कोरड्या. एका देवगांडुळाचं तर सुकट झालेलं! चिठ्ठीवरची शाई पसरलेली. ‘केरी, सत्तरी’ एवढंच लागलं.

एका गांडुळाचं एवढं काय, म्हणाल. पण हे गांडूळ नव्हेच, बेडकाच्या गोतातला बिनपायांचा उभयचर. याच केरीच्या देवगांडुळावरून 2007 मध्ये नवी जात नोंदली गेली, गेगेनिओफिस गोवाएन्सिस, नावातच गोवा. या जाती वरून सारख्याच दिसतात, त्यामुळे कवटी नि मणके बघावे लागतात. पूर्वी त्यासाठी नमुना कापायचे. आता मायक्रो-सीटी यंत्र क्ष-किरणांनी शेकडो थर टिपतं आणि संगणकावर अख्खा सांगाडा फिरवून बघता येतो, जनावराला सुरी न लावता. अमेरिकेत 18 संस्थांनी मिळून 2017 ते 2023 मध्ये 13,000 हून अधिक नमुने असे टिपले आणि इंटरनेटवर खुले केले.

दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय 2016 मध्ये आगीत गेलं. आपल्याला आग कशाला हवी, पावसाळा पुरे आहे.

मायक्रो-सीटीचं एक यंत्र साऱ्या राज्याला पुरेल. ते येईतो गव्याची कवटी, कासवाची पाठ यांचे साध्या कॅमेऱ्यानं चहूबाजूंनी शंभरेक फोटो काढले, तरी फोटोग्रामेट्रीनं, म्हणजे ते फोटो संगणकावर जुळवून, वरचा आकार मिळतो. मात्र पहिला फोटो चिठ्ठीचा. गाव आणि तारीख नसेल तर ते त्रिमितीय चित्र म्हणजे नुसतं खेळणं. फायली ठेकेदाराच्या हार्ड डिस्कवर अडकू नयेत, पोरांना फुकट मिळाव्यात. आणि स्कॅन झाला म्हणून कुणी बरणी गटारात ओतू नये. डीएनए काही स्कॅनमध्ये येत नाही. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे यातली कित्येक जनावरं आता मनात आलं म्हणून धरून आणता येणार नाहीत, आणि ते बरंच आहे.

पाऊस लागण्याआधी कुणाला तरी पाठवा. कुठल्या कपाटात काय आहे, ते मी येऊन दाखवतो.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक
डिचोली