पेठांतल्या बोळांना बेताचे यंत्र हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात नारायण पेठेतील आमच्या बोळात पाण्याचा जुना नळ बदलण्यासाठी चर खणत असताना स्वयंपाकाच्या गॅसची पिवळी वाहिनी तुटली. फुसफुस ऐकू आली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. घराघरांतले कुकर अर्ध्यावर उतरवले गेले आणि गॅस कंपनीची माणसे पुरवठा बंद करेपर्यंत सगळा बोळ रस्त्यावर उभा होता. त्याच दिवशी चर खणणाऱ्या जेसीबीच्या मागच्या पायाखाली ड्रेनेजच्या चेंबरचे झाकण फुटले आणि शेजारच्या वाड्याच्या जोत्याचा घडीव दगड जागचा हलला. नेहमीप्रमाणे सारा दोष यंत्र चालवणाऱ्या तरुणाच्या माथी मारण्यात आला. स्थापत्य पर्यवेक्षक म्हणून माझा जन्म अशाच कामांवर गेला असल्यामुळे मला तो दोष त्याचा वाटत नाही. "काका, पाय टेकवायला जागाच नाही, मी तरी काय करू?" असे तो मला म्हणाला, आणि ते अक्षरशः खरे होते.

ते यंत्र म्हणजे बॅकहो लोडर, ज्याला कंपनी कोणतीही असली तरी आपण जेसीबीच म्हणतो. त्याचे वजन साधारण साडेसात टन आणि रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास असते. खोदताना ते टायरांवर उभे राहत नाही. मागचे दोन पाय आणि पुढचे फावडे जमिनीला टेकवून सगळा भार त्यांवर घ्यावा लागतो. खोदणारा हात फक्त मागच्या बाजूला, अर्ध्या वर्तुळात फिरतो, त्यामुळे निघालेली माती बाजूलाच टाकावी लागते. मोकळ्या प्लॉटवर याला तोड नाही. परंतु जेमतेम तीन मीटरच्या बोळात बाजूला माती टाकायची ती कोणाच्या तरी उंबऱ्यावरच.

अशा जागेसाठी लहान एक्स्कॅव्हेटर असतो, ज्याला कामगार मिनी पोकलेन म्हणतात. दीड-दोन टनांच्या वर्गातील यंत्र एक ते दीड मीटर रुंदीत मावते आणि काहींचे चाकांऐवजी असलेले पट्टे आत ओढून घेता येत असल्याने ते एक मीटरहून थोड्या कमी रुंदीच्या दारातूनही आत जाते. एवढे लहान असूनही ते दोन मीटरपेक्षा खोल खणू शकते, म्हणजे घरगुती नळाच्या चराला ते पुरून उरते. पट्टे रबराचे असल्याने फरशी आणि पेव्हर ब्लॉक फारसे उखडत नाहीत. मात्र यंत्र निवडताना दोन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. पहिली, वरचा भाग पूर्ण फिरताना त्याची पाठ पट्ट्यांच्या बाहेर जाऊ नये. एरवी चालकाचे लक्ष बकेटकडे असते आणि पाठ भिंतीला घासते. दुसरी, पुढचा हात बुडापासून डावी-उजवीकडे वळणारा असावा, म्हणजे भिंतीला समांतर, अगदी कडेने चर घेता येतो.

खर्चाचा हिशेबही उघड आहे. ११० मिलिमीटरच्या नळासाठी ४०० मिलिमीटर रुंदीचा चर पुरेसा होतो, पण मोठ्या यंत्राला ६०० मिलिमीटरचे बकेट लावलेले असते. शंभर मीटर लांब आणि एक मीटर खोल चरात यामुळे ४० ऐवजी ६० घनमीटर माती निघते, आणि तितकीच जास्त बुजवावी व वरून डांबरावी किंवा काँक्रीट करावी लागते. तरीही ठेकेदार मोठेच यंत्र आणतो, कारण ते स्वतःच्या टायरांवर चालत येते. लहान यंत्र टेम्पोत घालून आणावे लागते. माझ्या पाहण्यातल्या कामांत दर घनमीटरवर होता आणि यंत्राच्या आकाराबद्दल निविदेत एक ओळही नव्हती. मग वाहतुकीचा खर्च तो पदरचा का करील?

लहान यंत्र म्हणजे जादूची कांडी नव्हे. आपल्याकडे हातभर मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. तिथे ब्रेकर, म्हणजे खडक फोडणारा हातोडा, जोडूनही ते रेंगाळते. खाली काय आहे हेही ते सांगत नाही. पेठांच्या पोटात बुजवलेल्या विहिरी आहेत, कात्रजचे पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणणाऱ्या पेशवेकालीन भुयारी नळाचे अवशेष आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ट्रक जमिनीत गेला तो आपण पाहिलाच. म्हणून आधी हाताने चाचणी खड्डे घेणे आणि दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना आधार देणे कोणत्याही यंत्राने टळत नाही.

माझी मागणी एवढीच आहे की चार मीटरपेक्षा अरुंद रस्त्यांवरील खोदाईच्या निविदेत यंत्राची कमाल रुंदी आणि वजन लिहावे, बकेटची रुंदी नळाच्या व्यासाला बांधून द्यावी आणि लहान यंत्र आणण्या-नेण्याचा खर्च वेगळा मंजूर करावा. आमच्या बोळात अजून साठेक मीटर चर खणायचा राहिला आहे आणि त्याच्या टोकाला दरवर्षी गणपतीचा मांडव पडतो. निदान एवढ्या भागापुरते तरी लहान यंत्र आणून पाहावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य पर्यवेक्षक,
नारायण पेठ, पुणे ३०