बघ्यांनी रस्ता मोकळा ठेवावा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मोठी दुर्घटना घडली की दोन दिवसांत तिथे 'जरा बघून येऊ' म्हणणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागते. मंत्र्यांच्या पाहणी दौऱ्यांवर आपण तोंडसुख घेतो खरे, पण पोलिसांच्या दोरीला पोट टेकवून, टाचा उंचावून आत डोकावणारे आपणच असतो. मीही एकदा तसा उभा राहिलो आहे. भिजलेल्या जळक्या लाकडांचा वास येत होता. शेजारच्या गृहस्थांनी मुलाला खांद्यावर घेतले होते, नीट दिसावे म्हणून. मागून रुग्णवाहिका भोंगा वाजवत आली, तरी तिला वाट द्यायला आमची गर्दी लवकर हलेना. आत कुणाचे कोण होते, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते.

३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळमधल्या वायनाडमध्ये दरडी कोसळल्या, मुंडक्कै गावाकडे जाणारा पूल वाहून गेला. तिथे पोहोचायलाच लष्कराला १९० फुटांचा बेली पूल (सुटे पोलादी भाग जोडून झटपट उभारायचा पूल) उभारावा लागला. अशा वेळी केरळ पोलिसांवर आवाहन करायची पाळी आली, की बघायला म्हणून येऊ नका, बचावकार्यात अडथळा येतो. ढिगाऱ्याखालची क्षीण हाक ऐकू यावी म्हणून पथके मधूनमधून यंत्रे बंद करून कान देतात. तेव्हा बघ्यांचा साधा गलकाही नको असतो. लंडनमध्ये जून २०१७ मध्ये ग्रेनफेल टॉवर ही राहत्या घरांची उंच इमारत जळाली, ७२ जण गेले. तिथे तर सेल्फीवाल्यांना आवरायला परिसरातल्या लोकांनीच फलक लावले.

कधीच जाऊ नये, असे मी म्हणत नाही. जपानमधल्या ओकावा प्राथमिक शाळेत ११ मार्च २०११ च्या त्सुनामीने ७४ मुले आणि १० शिक्षक गेले. शाळेमागेच टेकडी आहे. भूकंपानंतर सुमारे पन्नास मिनिटे मुलांना मैदानात थांबवून ठेवले होते. आज मूल गमावलेले पालकच लोकांना त्या टेकडीवर नेतात आणि मुले इथवर सहज पोहोचली असती, हे दाखवतात. तिथे जाणे मला पटते, कारण बोलावणारे तेच आहेत.

आपल्याकडून एक अपेक्षा आहे. दुर्घटनेच्या बातमीशेजारी छोटी चौकट द्यावी : कोणता रस्ता मदतीच्या गाड्यांसाठी राखीव आहे, कोणती मदत हवी आहे आणि ती लांबूनच कुठे पोहोचवायची.

आपला,
एक वाचक