उजव्या कोपऱ्यातला ठिपका

तळमजल्यावरच्या काकांना,
सा. न. वि. वि.

पत्र तुम्हालाच आहे, पण लिहितेय उघड्यावर. तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, तेव्हा नाशिकला नातवंडांपैकी कुणीतरी हे मोठ्यानं वाचून दाखवेल. आजोबांनी पुणं सोडायच्या आधीच्या वर्षात काय काय उद्योग केले, ते त्या निमित्तानं त्यांच्याही कानावर पडू दे.

आठवतं ना, तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले ती भांडायलाच. सोसायटीची खजिनदार म्हणून तीन महिन्यांचा थकलेला मेंटेनन्स मागायला. दार उघडंच होतं. तुम्ही टीव्हीसमोर बसलेले, आवाज पार बंद, पडद्यावर कुठलासा कृष्णधवल सिनेमा. आणि एकदम, पोऱ्याला हुकूम सोडावा तसे तुम्ही म्हणालात, "बदल!"

मला वाटलं, मलाच काहीतरी म्हणताय.

मग तुम्ही खुर्ची पुढे सरकवलीत आणि दाखवलंत. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक गोल ठिपका चमकून जातो. तो दिसला की रीळ संपत आलं, आता सिनेमा शेजारच्या मशीनवर चढवलेल्या पुढच्या रिळावर न्यायचा. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, सातएक सेकंदांनी दुसरा ठिपका आला की इकडचा उजेड बंद आणि तिकडचा चालू. खाली बसलेल्या माणसाला कळतासुद्धा कामा नये. हजार फुटांचं रीळ म्हणजे अकरा मिनिटं, दोन हजारांचं म्हणजे बावीस. आधी जत्रांमधल्या तंबूत रिळं गुंडाळायला, मग तालुक्याच्या थिएटरात ऑपरेटर म्हणून, अशी तुमची हयात त्या ठिपक्याची वाट बघण्यात गेली. जुन्या प्रिंटांवरून केलेल्या नकलांमध्ये हे ठिपके अजून तसेच आहेत. मशीन गेलं, रीळ गेलं, थिएटरच्या जागी लग्नाचा हॉल झाला. खूण आपली चालूच.

थकबाकी त्या दिवशी तशीच राहिली. निघताना मी शहाणपणा केला, "हे सगळे सिनेमे मला माहीत आहेत हो काका," आणि पुरावा म्हणून दोन ओळी गाऊनही दाखवल्या.

"गाणं न्हाई इचारलं. शिनेमा बघितलाय का?"

नव्हता बघितला. एकही नव्हता. आमच्या घरी रेडिओवर 'आपली आवड' लागायचं, आई पोळ्या लाटताना त्यात आपला आवाज मिसळायची, त्यामुळे प्रभातच्या सिनेमांपासून साठीच्या दशकापर्यंतची गाणी मला पाठ. सिनेमा मात्र कोरा. आपल्याकडे बहुतेकांचं असंच असावं. गाणं येतं म्हणजे सिनेमा बघितला, असा आपण स्वतःचाच समज करून घेतलेला असतो.

मग तुम्ही शनिवार ठरवलात. रात्री साडेनऊ, तुमच्याकडे. नियम तीन. फोन बाहेर चपलांजवळ ठेवायचा. सिनेमा मध्ये थांबवायचा नाही ("तंबूत कुनी थांबिवला हुता का?"). आणि कितीही कंटाळा आला तरी पुढे पळवायचा नाही. यातला तिसरा मला सर्वांत जड गेला, हे आता कबूल करते.

पहिला 'माणूस', 1939चा. त्याच्या आधी तुम्ही मला 'कशाला उद्याची बात' म्हणायला लावलंत. मी हौसेनं म्हटलं, कारण चौथीत असताना स्नेहसंमेलनात आम्ही आठ जणी नऊवारी नेसून त्यावर नाचलो होतो. त्या गाण्यात वेगवेगळ्या भाषांतली कडवी आहेत म्हणून बाईंनी तो नाच 'राष्ट्रीय एकात्मता' या सदरात बसवला होता. बक्षीसही मिळालं. तीसएक वर्षांनी तुमच्या खोलीत बसून मला कळलं की सिनेमाची नायिका मैना ती कडवी का गाते. वेश्यावस्तीत येणारं गिऱ्हाईक कुठल्याही मुलखातलं असतं, ज्याला त्याला त्याच्या भाषेत रिझवावं लागतं. मैना झालेल्या शांता हुबळीकर हसत हसत गातात, आणि मला आमचे ते आठ हसरे चेहरे आठवून कानकोंडं झालं. तुम्ही मात्र अंधारात फुसफुस हसत होतात. "बक्षीस काय दिलं, पेला का?" स्टीलचा डबा होता, काका.

त्या रात्री मी झोपले नाही. गणपत हवालदार मैनेला आईकडे घेऊन जातो तेव्हा ती ज्या तऱ्हेनं अंग चोरते, तेच डोळ्यांपुढे. तो हवालदार झालेले शाहू मोडक पुढच्याच वर्षी पडद्यावर ज्ञानेश्वर झाले, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला पटेचना. आणि शांताबाईंनी पुढे आत्मचरित्र लिहिलं, त्यालाही 'कशाला उद्याची बात' हेच नाव दिलं. हंसा वाडकरांच्या आत्मकथनाचं नाव 'सांगत्ये ऐका', तेही त्यांच्याच सिनेमाचं. दोघींनी आपल्या आयुष्याला पडद्यावरचीच नावं दिली. मी हे म्हटलं तेव्हा तुम्ही बराच वेळ गप्प होतात आणि मग चहा टाकायला उठलात.

'कुंकू'च्या वेळी तुम्ही सांगितलंत, "आता डोळं मिटा." मला राग आला. फोन बाहेर ठेवायचा, थांबवायचं नाही, आणि आता बघायचंही नाही? पण मिटले. घड्याळाची टिकटिक. काठीचा आवाज. पावलं. दार. मग कळलं की सिनेमाला पार्श्वसंगीतच नाही. 1937 साली शांतारामबापूंनी अख्खा सिनेमा घरातल्या आणि रस्त्यावरच्या आवाजांवर उभा केला होता. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा रडत बसत नाही, त्याला नवरा मानायलाच नकार देते. आणि ते आवाज ऐकता ऐकता त्या घरात आपणही अडकून पडतो. केशवराव दाते त्या काकासाहेबांचं काम असं करतात की माणसाची चीड येता येता दया येते, आणि दया येते म्हणून स्वतःचीच चीड येते. ना. ह. आपट्यांच्या ज्या कादंबरीवरून हा सिनेमा निघाला, तिचं नाव 'न पटणारी गोष्ट'. मला विचाराल तर तेच नाव सिनेमालाही शोभलं असतं.

नीरा झालेल्या शांता आपटे त्यात लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात तेव्हा तुम्ही मान हलवलीत, "ही आपल्याकडं चालली नसती." पण 'मन सुद्ध तुझं' आलं आणि मी तुमच्या नियमाविरुद्ध बोलले. दहावीच्या प्रत्येक पेपरला निघताना बाबा दारात उभे राहून म्हणायचे, "तू चाल फुडं." मला ते त्यांचंच वाक्य वाटायचं. ते या सिनेमातून, रस्त्यावर गाणाऱ्या एका पोराच्या तोंडून, आमच्या दारापर्यंत आलेलं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत. फक्त आवाज थोडा मोठा केलात.

'संत तुकाराम'बद्दल थोडकं लिहिते, कारण त्यावर आपलं सर्वांत जास्त बोलून झालंय. 1937 साली व्हेनिसला गौरव झालेला सिनेमा म्हणून मी हात जोडून बसले होते आणि बघते तर काय, सिनेमा जिजाईचा. पोर आजारी म्हणून तरातरा देवळात जाऊन विठ्ठलावर चप्पल उगारणारी बाई! गौरीबाईंनी तिला अशी काही रंगवलीय की पागनीसांचे तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा माझं सगळं लक्ष घरात मागे राहिलेल्या तिच्यावर. आणि 'आधी बीज एकले' हा तुकोबांचा अभंग नसून शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं गीत आहे, हे ऐकून मी तुमच्याशी दहा रुपयांची पैज लावली होती. दिलेत मी ते दहा रुपये. नोंद असावी.

बाय द वे, प्रभात रोडवरून मी वीस वर्षं ये-जा करतेय आणि मला वाटायचं, प्रभात म्हणजे सकाळ. कोल्हापूरहून 1933 साली पुण्याला आलेल्या एका कंपनीवरून त्या रस्त्याचं नाव पडलं आणि तिचा स्टुडिओ म्हणजे आजची फिल्म इन्स्टिट्यूट, हे मला साताऱ्याकडच्या माणसानं सांगावं! रिक्षातून जाताना तुम्ही फाटकाकडे बघून टोपी सारखी केलीत. रिक्षावाल्याला वाटलं, देऊळ आहे.

सगळंच गोड होतं असं नाही. 'सांगत्ये ऐका' पुण्यात विजयानंद थिएटरला 131 आठवडे चालला म्हणून तुम्ही केवढं वातावरण केलं होतंत आणि मी मध्येच पेंगले. 'बुगडी'च्या लावणीला जागी झाले, हंसाबाई पडद्यावर असल्या की टक्क जागी, बाकी मला लांबण वाटली. अजूनही वाटते. तुम्ही पुढचे चार दिवस जिन्यात दिसलात तर नुसती मान हलवत होतात. मग 'सामना' लावलात आणि आपला समेट झाला. त्यातला 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा सवाल सोसायटीच्या सभेत मी आता कुठल्याही थकलेल्या बिलाबद्दल विचारते.

'जगाच्या पाठीवर'चं एक सांगायचं राहून गेलंय. 'बाई मी विकत घेतला श्याम' हे मी भजन म्हणून ऐकत आले. पडद्यावर ते रस्त्यावर गाऊन पोट भरणाऱ्या आंधळ्या मुलीच्या तोंडी आहे. गदिमांनी लिहिलंय, 'नाही खर्चिली कवडी-दमडी'. जिच्याकडे कवडी नाही, तीच हे म्हणतेय! सीमा देव इतक्या साधेपणानं बसल्यात तिथे की ती ओळ आधी अंगावरून निघून जाते आणि मागाहून येऊन टोचते. त्या वेळी मी बोलले नाही. नियम होता.

आणि मग शेवटचा शनिवार. खोल्या बांधून झालेल्या, टीव्ही तेवढा भिंतीवर. तुम्ही 'साधी माणसं' निवडलात, भालजी पेंढारकरांचा, 1965चा. मी विचारलं, हाच का. तुम्ही म्हणालात, तंबूत सर्वांत जास्त वेळा हाच दाखवला, पुसेगावच्या जत्रेत, अजून कुठे कुठे. मग जरा थांबून, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगितलंत. शेवटचं रीळ लागलं की मालक ओरडायचा, आवरायला घ्या. आधीची रिळं उलटी गुंडाळायची, डब्यात भरायची, पेटी सकाळच्या एसटीनं पुढच्या गावाला गेली पाहिजे. पुढे थिएटरात गेलात तर तिथे डोळा कार्बनवर, म्हणजे मशीनमधला उजेड ज्या कांड्या जळून पडायचा त्यांच्यावर. दोन कांड्यांमधलं अंतर जरा चुकलं की पडदा पिवळा पडतो आणि खालून शिट्ट्या येतात. "येवढी वर्सं शिनेमा दावला ताई. सलग एक बी बघितला न्हाई. ह्याचा शेवट काय हाय, मला ठाव न्हाई."

वर्षभर मला वाटत होतं की तुम्ही मला दाखवताय.

दिवा मालवला. भाता चालू झाला, ठिणग्या उडाल्या, 'ऐरणीच्या देवा तुला' सुरू झालं. जयश्री गडकर आणि सूर्यकांत, लोहाराचा तो संसार. संगीतकाराचं नाव आनंदघन, म्हणजे लताबाई, हे तुम्ही आधी दहा वेळा सांगितलं होतंत, त्या रात्री नाही सांगितलंत. खुर्चीच्या पाठीला टेकून बसला होतात. इतके शनिवार मी तुम्हाला पाठीला टेकलेलं बघितलं नव्हतं. कायम खुर्चीच्या कडेवर, उठायच्या तयारीत.

शेवट जवळ आला तेव्हा वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला. मला आता तो आपोआप दिसतो, तुमच्यामुळे बिघडलेय मी. मी वाट बघितली. तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुमची नजर पडद्याच्या मध्यावर, जयश्री गडकरांच्या पारूच्या तोंडाकडे. दुसरा ठिपका आला, गेला.

"बदल," मी हळूच म्हटलं. तुम्हाला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

काका, आभार कसे मानतात ते मला नीट येत नाही, म्हणून इतकं लांबवलं. तुम्ही दिलेला कार्बनचा तुकडा माझ्या टेबलावर आहे. कामवाल्या मावशींनी दोनदा कोळसा समजून फेकायला घेतला होता. लाडूंचा डबा माझ्याकडे राहिलाय, तो येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवते, रिकामा नाही. तुमचे मेंटेनन्सचे सगळे पैसे जमा झालेत. पावती डब्यातच ठेवतेय.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई