तीन बंद्योपाध्याय, तीन वाटा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

बंगाली कादंबरीवर लिहिताना बिभूतिभूषण, ताराशंकर आणि माणिक या तीन बंद्योपाध्यायांची सरमिसळ वारंवार होते. आडनाव एकच, काळही जवळपास एकच. नाते मात्र नाही. 'गणदेवता'साठी १९६६चे ज्ञानपीठ मिळाले ते बीरभूमच्या ताराशंकरांना. 'पद्मा नदीर माझी' माणिक यांची. त्यांचे मूळ नाव प्रबोधकुमार.

बिभूतिभूषणांचा (१८९४–१९५०) मार्ग निराळा. पोटासाठी शिक्षकी, आणि मधली काही वर्षे भागलपूरकडे जमीनदारी इस्टेटीची व्यवस्था. 'पथेर पांचाली' याच मुक्कामात लिहिली गेली; आधी 'विचित्रा' मासिकातून क्रमशः, मग १९२९ मध्ये पुस्तकरूपाने. तिथेच त्यांनी जंगल तोडून कुळांना जमिनी वाटताना पाहिल्या. त्यांच्या 'आरण्यक' कादंबरीतली अपराधाची बोच तिथली आहे, म्हणून त्या कादंबरीला नुसते निसर्गवर्णन म्हणणे फार अपुरे वाटते. 'इच्छामती'साठीचा रवींद्र पुरस्कार तर मृत्यूनंतर मिळाला.

'पथेर पांचाली'वरचा सत्यजित राय यांचा चित्रपट १९५५चा, म्हणजे लेखक गेल्यावर पाच वर्षांनी आलेला. चित्रपटामुळे कादंबरी नावारूपाला आली, हे विधान म्हणूनच टिकत नाही. बंगाली वाचकांनी तिला पंचवीस वर्षे आधीच आपलेसे केले होते. बंगाली कादंबरीवरच्या लेखांत कृपया लेखकाचे पूर्ण नाव छापावे.

– एक वाचक